जांभयांचं लॉगबुक

मुलांसाठी पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकांना आमच्या खालच्या क्वार्टरमधले भाऊ माहीत असते, तर त्यांतल्या निम्म्यांनी लेखणी ठेवून किराणा दुकान काढलं असतं आणि उरलेल्या निम्म्यांनी जरा बरी पुस्तकं लिहिली असती. भाऊंचं नाव, आडनाव, हुद्दा सगळं मला ठाऊक आहे. पण चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या कॉलनीत, आमच्या इमारतीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो म्हणून ते 'खालचे भाऊ' आणि त्यांची बायको 'खालच्या बाई'. माझे वडीलही त्यांना भाऊ म्हणायचे आणि मीही भाऊच. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ते शिफ्ट ड्युटीला होते. आठ तास काट्यांकडे बघायचं, तासातासाला आकडे लॉगबुकात उतरवायचे आणि एखादा काटा जागचा हलला की फोन उचलायचा, हे त्यांचं काम. असलं काम माणूस गेटवरच ठेवून घरी येतो असा लोकांचा समज आहे. भाऊ ते सोबत घेऊन यायचे. शेजारच्यांच्या पंख्याचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलं याचं" असं जिन्यातून सांगायचे, बाईंच्या भाजीला शेरा द्यायचे, आणि मुलांच्या नव्या पुस्तकांची तर त्यांनी रीतसर ट्रायल लावली होती.

त्यांच्या पुढच्या खोलीत सोफा नव्हता. भिंतभर लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर मुलांची पुस्तकं, सगळी नवी. या 'नवी'वर भाऊंचा फार जोर. कॉलनीतलं एक कुटुंब बदली होऊन जाताना मुलांची जुनी पुस्तकं पोत्यात भरून त्यांच्या दारात ठेवून गेलं, तर भाऊंनी ते पोतं नमस्कार करून उचललं आणि क्लबातल्या मोठ्या माणसांच्या टेबलावर नेऊन ओतलं. "मोठ्या माणसाले जुनं चालते," ते म्हणाले. "पोराले सदरा उतरलेला, चप्पल उतरलेली, दप्तर उतरलेलं. पुस्तक तरी कोरं भेटू द्या त्याले." यामागं त्यांचं स्वतःचं दुःख होतं. आरमोरीच्या पुढच्या एका गावातलं मासे धरणारं त्यांचं घर. तिथं वाचनाचं पुस्तक तीन चुलतभाऊ आणि एक मामा यांच्या हातून उतरत उतरत त्यांच्यापर्यंत पोचायचं, तेव्हा त्याची शेवटची पानं कधीच गेलेली असायची. त्यांच्या चौथीच्या पुस्तकात शेवटच्या धड्यात एक मुलगी हरवलेलं वासरू शोधायला रानात जाते, आणि पान संपतं. भाऊ नोकरीला लागेपर्यंत त्या वासराच्या काळजीत होते. पहिल्या रजेत त्यांनी नागपूरला जाऊन ते पुस्तक शोधलं, दुकानातच उभ्यानं शेवट वाचला, आणि वासरू गोठ्यातच झोपलेलं होतं हे कळल्यावर त्यांना इतका राग आला की आयुष्यभर चांगली पुस्तकं शोधायचं त्यांनी तिथंच ठरवलं. निदान ते तसं सांगायचे.

महिन्यातून एकदा साप्ताहिक सुटीला ते नागपूरला जायचे आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन यायचे. हा गठ्ठा रविवारी सकाळी, पोरांच्या देखतच सुटायचा. मोठ्या माणसानं आधी पुस्तक उघडायचं नाही असा नियम होता आणि तो भाऊंनाही लागू होता. आम्ही हात धुऊन चटईवर बसायचो. भाऊ एकेकाचे हात उलटसुलट करून बघायचे, एखाद्याच्या नखात चिंचेचा गर सापडला की त्याला परत नळावर धाडायचे. मग पुस्तक उघडायची पद्धत. नवं पुस्तक मधोमध फाडकन उघडलं तर त्याचा कणा मोडतो, म्हणून आधी सुरुवातीची चार पानं उघडून बोटानं दाबायची, मग शेवटची चार, मग परत पुढची चार, असं करत करत मध्यावर यायचं. "नवीन मशीन कोणी एकदम फुल लोडवर घेते का बे?" ते विचारायचे. आजही मी नवं पुस्तक तसंच उघडते, आणि माझ्या ऑफिसातल्या मुली माझ्याकडे काळजीनं बघतात.

पुस्तक उघडलं की ट्रायल सुरू. प्रत्येक टेस्टरला एक आखलेलं पान मिळायचं. त्यात रकाने असायचे: वेळ, पान, जांभई, हसू, पाणी प्यायला उठणे, अंग खाजवणे, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात 'छान आहे' लिहायची सक्त मनाई. "छान हे रीडिंग नाई," भाऊ म्हणायचे. "थर्मामीटरवर कधी 'छान' लिहून दिसलं तुले?" आठवडाभर पुस्तक वाचून पान भरायचं, पुढच्या रविवारी भाऊ सगळी पानं एका जाडजूड रजिस्टरात चिकटवायचे आणि मोठ्यानं वाचून निकाल द्यायचे. पास झालेल्या पुस्तकाला हिरवी चिठ्ठी. नापास पुस्तकाला प्लांटमध्ये बंद मशीनला टांगतात तसला लाल पुठ्ठा, त्यावर 'चालू करू नये'. एका बोधकथांच्या पुस्तकाला एकट्या माझ्या धाकट्या बहिणीच्या पानावर चौदा जांभया पडल्या होत्या. भाऊंनी ते पुस्तक दोन बोटांत धरून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे झोप न येणाऱ्या माणसाले देऊ." खरोखरच पुढं एका निवृत्त फोरमनना त्यांनी ते दिलं, आणि फोरमननी दुसरा भाग आहे का म्हणून विचारलं.

निकाल लागला की भाऊ प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचे. भाषा प्लांटचीच. 'महोदय, आपले पुस्तक आठवडाभर चालवून पाहिले. पहिली वीस पाने आवाज उत्तम. एकविसाव्या पानावर आजोबा उपदेश करू लागताच लोड पडला व शेवटपर्यंत उचलला नाही. कृपया आजोबांची तपासणी व्हावी.' बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. पण एकदा कॉलनीतल्या एका कार्यक्रमाला मुलांसाठी लिहिणारे एक नामवंत लेखक आले, आणि भाऊंनी त्यांना चहाच्या टेबलाशी गाठलं. रजिस्टर काखेत होतंच. "साहेब, तुमच्या सव्वीस नंबरच्या पानावर अकरापैकी नऊ पोरं पाणी प्याले उठतेत." लेखकांनी चहाचा कप खाली ठेवला. थोडा विचार केला. "सव्विसाव्या पानावर माझं उन्हाळ्याचं वर्णन आहे," ते म्हणाले. भाऊंचा चेहरा पडला. एका चांगल्या पानावर आपण ठपका ठेवला या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी आमच्या आखलेल्या पानात एक नवा रकाना आला: 'तहान (विषयामुळे)'. लेखकांना त्यांनी माफीचं पत्र लिहिलं आणि पुस्तकाला हिरव्यावर हिरवी अशा दोन चिठ्ठ्या लावल्या.

या सगळ्यात एक फळी मात्र रिकामी असायची. तिच्यावर भाऊंच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती: 'मोठ्या पोरांसाठी'. मी तेरा वर्षांची झाले आणि माझ्यावर या फळीची जबाबदारी आली. तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी म्हणून जे जे नवं यायचं ते मी वाचायचे आणि नापास करायचे. त्या पुस्तकांतली पंधरा वर्षांची मुलं हेडमास्तरांसारखी बोलायची, पहाटे उठून आनंदानं व्यायाम करायची आणि आईवर कधी चिडायची नाहीत. माझ्या मैत्रिणी परीकथा सोडून सरळ आयांच्या मासिकांवर गेल्या होत्या. भाऊंना याचा फार त्रास व्हायचा. "लहान पोरं दिसतेत पुस्तकवाल्यांले, मोठी माणसंबी दिसतेत," ते म्हणायचे. "मधातली पोरं काऊन दिसत नाई? ते का दोन-तीन वर्षं जमिनीच्या खालून चालतेत?"

एका रविवारी त्यांनी माझ्या हातात एक वही दिली. खाकी पुठ्ठ्यात शिवलेली, आत टाइप केलेली पानं, वर लेखकाचं नाव नाही. "नागपूरच्या एका पब्लिशरनं छापाच्या आधी पाठवलं," भाऊ म्हणाले. "मोठ्या पोरांचं आहे. बराबर पाहजो." नेहमी ते पुस्तक देताना पंधरा सूचना द्यायचे, त्या दिवशी एकही दिली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण तेराव्या वर्षी माणसाला स्वतःच्या मताचा इतका अभिमान असतो की दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष जात नाही.

वहीचा नायक प्रकाश नावाचा मुलगा होता. प्रकाश कुठंही गेला की आधी तिथले गरज नसलेले दिवे बंद करायचा. तो ताडोबाच्या जंगलात जायचा, वाघ दिसला तरी घाबरायचा नाही, आणि मोहाच्या झाडाखाली बसून मित्रांना पर्यावरणाची माहिती द्यायचा. मी नेकीनं पानागणिक नोंदी केल्या. त्यांतल्या काही अशा: 'पान ९, जांभई. पान १२, जांभई, मोठी. पान १७, आईनं दळण आणायला हाक मारली, पहिल्यांदाच आवडली. पान २७, प्रकाश परत आला, जांभई.' शेऱ्यात मी लिहिलं, 'प्रकाशला वाघानं खाल्लं असतं तर पुस्तक बरं झालं असतं.' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा गिरवलं.

रविवारी भाऊंनी ते चटईवर सगळ्यांसमोर वाचलं. पोरं लोळून लोळून हसली. भाऊही हसले, खरं तर सगळ्यात मोठ्यानं तेच हसले, फक्त त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी लाल पुठ्ठा काढला, वहीला दोऱ्यानं बांधला आणि वही फळीवर न ठेवता आतल्या खोलीत घेऊन गेले.

बुधवारी खालच्या बाई गच्चीवर वाळवण राखायच्या निमित्तानं माझ्याजवळ येऊन बसल्या. जरा वेळ मिरच्या उलट्यापालट्या केल्या आणि म्हणाल्या, "ते प्रकाशवालं पुस्तक यायनंच लिवलं होतं वो माय."

मला दोनदा गिरवलेलं ते वाक्य आठवलं.

"तीन वर्षं लिवून राह्यले होते," बाई म्हणाल्या. "नागपूरवाला पब्लिशर तं तयार आहे छापाले. पण हे म्हणतेत का ट्रायलमध्ये पास झाल्याबिगर देणार नाई. तिकडे गावाले यायचे बाबा म्हातारे झाले. यायच्या मनात होतं का एकडाव पोराचं पुस्तक बाबाच्या हाती द्यावं. बाबाले वाचता येत नाई, पण पुस्तक घेऊन गावभर फिरतीन ते, साऱ्यायले दाखवतीन." त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मिरचीच्या हातानं लावल्यामुळे त्यांना आणखी पाणी आलं. "तू पुन्हा एकडाव पाह्यना. थोडंसं बरं लिव."

भाऊ सेकंड शिफ्टला होते. बाईंनी मला रजिस्टर काढून दिलं. माझं पान त्यात चिकटवलेलं होतं, फाडणं शक्य नव्हतं. मी बराच विचार केला आणि जिथं जिथं 'जांभई' होतं तिथं पुढं 'नाही' लिहिलं. 'पान ९, जांभई नाही. पान १२, जांभई, मोठी नाही.' दळण आणायला हाक मारली ती 'आवडली नाही'. शेऱ्यातल्या प्रकाशच्या वाक्यावर मी एवढी शाई ओतली की पलीकडच्या पानावर डाग उतरला. वरून लिहिलं, 'मन लावून पुन्हा वाचले. पास.'

आता ज्या माणसानं वीस वर्षं दुसऱ्यांच्या लॉगबुकातले आकडे तपासले त्याला हे कळायला किती वेळ लागणार! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. रजिस्टर उघडं होतं. भाऊंचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला आणि पहिल्या मजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकला. "लॉगबुकात खाडाखोड? माह्या लॉगबुकात? काटा लाल घरात गेला अन् त्या वक्ताले कोनं दया करून हिरवं लिवलं, तं काय होते मालूम आहे तुले? माणसं मरतेत!" मी रडायला लागले. "पुस्तकानं कोणी मरत नाही," असं मी हुंदके देत म्हटलं. "मरते," भाऊ म्हणाले. "पुस्तक मरते."

मग ते आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आले. मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबले. आणि बोट ठेवून म्हणाले, "तेवीस ते सव्वीस. या चार पानांची नोंदच नाई. काऊन?"

मी म्हटलं, "राहून गेली."

"तू कधी नोंद सोडत नाईस."

ते खरं होतं. त्या चार पानांत प्रकाश नव्हता. त्याला तलावाकाठी एक मासे धरणारा मुलगा भेटतो आणि आपली गोष्ट सांगतो, तेवढाच भाग होता. बापानं तलावात जाळं लावलेलं असतं आणि सकाळी मुलगा एकटाच बघायला जातो. जाळ्यात मोठी मरळ असते. घरात दोन दिवस कालवण झालेलं नाही. पण जवळच पाण्यावर मरळीच्या पिल्लांचा लाल घोळका कावराबावरा होऊन फिरताना त्याला दिसतो, आणि तो मरळ सोडून देतो. घरी येऊन बापाला सांगतो, जाळं फाटलं होतं, मासा निसटला. एवढं झाल्यावर प्रकाश पुढं होतो आणि खरं बोलण्याचे फायदे सांगतो.

"मले ते वाचताना नोंद लिवाची आठवणच नाही राह्यली," मी म्हटलं. "पण भाऊ, मंग बापाले समजलं का?"

"नाई," भाऊ म्हणाले. "बाप भोळा होता. त्यानं सुई घेतली अन् जाळं शिवाले बसला." तो मुलगा कोण होता हे मला तेव्हा कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

त्या आठवड्यात भाऊंनी प्रकाशला काढून टाकलं. वाघही गेला, दिवे गेले, पर्यावरणाची माहिती गेली. उरला तो मासेवाला मुलगा, त्याचा तलाव, त्याची शाळा, आणि बाप. नवी वही मी वाचली, माझ्या मैत्रिणींनी वाचली, माजरीच्या कोळसा खाणीतून बदलून आलेल्या एका घरातल्या मुलानं तर दोन दिवसांत वाचली. जांभई कुणालाच आली नाही. पण सगळ्यांच्या शेऱ्यात तोच प्रश्न: 'बापाला कळलं का?' भाऊ चिडायचे. "नाई समजलं म्हणून लिवलं तं आहे!" पोरं म्हणायची, आम्हाला पटत नाही. आणि नोंद ती नोंद. भाऊंनी वहीला दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी लावली, प्रकाशकाला कळवलं की ओव्हरहॉल चालू आहे, आणि शेवट बदलत बसले. एका शेवटात मुलगा कबुली देतो, बाप मारतो. एकात बाप मारत नाही. एकात तलावच आटतो. पोरं एकेक शेवट नापास करत होती. असं करता करता दोन वर्षं गेली. गावाहून येणाऱ्या प्रत्येक निरोपात बाबांची तब्येत थोडी थोडी उतरत होती, आणि बाईंनी पुस्तकाचं नाव काढणं सोडून दिलं होतं. मी तर त्यांच्या दारावरून जिना उतरताना चाहूल लागू नये म्हणून चप्पल हातात घ्यायचे. माझ्या त्या नोंदींमुळे एका म्हाताऱ्याच्या हातात पुस्तक येत नाही, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर भाऊंच्या गावाला मंडई होती. झाडीपट्टीत, म्हणजे आरमोरीकडच्या त्या जंगलपट्ट्यात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. पाहुणेरावळे, लेकीजावई गोळा होतात, दुकानं लागतात, रात्री नाटक असतं. भाऊंनी आम्हा सगळ्यांना आमंत्रण दिलं. दुपारी जेवणं झाली, गर्दी बाजाराकडे गेली आणि घरी बाबा, भाऊ, बाई आणि मी एवढेच उरलो. बाबा अंगणात भिंतीला टेकून बसले होते. अंगावर नवं बनियन आणि धोतर, हातापायांच्या काड्या झालेल्या. भाऊंनी पिशवीतून वही काढली. ट्रायलची वयोमर्यादा सोळा होती आणि तिच्यात त्यांनी कधी कुणाला सूट दिली नव्हती. "बाबा, जरासं आयकता का?" ते म्हणाले आणि मोठ्यानं वाचू लागले.

बाबांनी आधी दुरुस्त्या केल्या. पाणी एवढं चढलं असेल तर जाळं तिथं लावत नाहीत. मरळ अशी उडी मारत नाही, तशी मारते. भाऊ मान डोलावत पेन्सिलीनं खुणा करत होते. मग मासा सोडल्याचं पान आलं आणि बाबांच्या दुरुस्त्या थांबल्या. 'बाप भोळा होता. त्याला काही कळलं नाही. तो सुई घेऊन जाळं शिवायला बसला,' इथं भाऊंनी वाचणं थांबवलं.

"थो पोट्टा तूच होय ना?" बाबा म्हणाले.

भाऊ खाली बघत राहिले. पन्नाशीला आलेला माणूस, पण त्या क्षणी वासराच्या धड्यावर बोट ठेवून बसलेल्या चौथीतल्या मुलाएवढा दिसत होता.

"मले तवाच मालूम होतं," बाबा म्हणाले. "मी दुपारी गेल्तो ना पाण्यावर. पिल्लं फिरून राह्यली होती, मरळ खाली होती. माह्या जाळ्यात घासलेली मरळ मले वळखू येत नाई का बापा?"

"मंग जाळं?" भाऊंनी मान वर केली. "जाळं काऊन शिवलं तुमी?"

"जाळं कुठी फाटलं होतं?" बाबा हसायला लागले. तोंडात दात नव्हते, नुसत्या हिरड्या. "तू म्हणला फाटलं. आता मी सुई नाई घेतली असती, तं तुले समजलं असतं का मले समजलं. मंग तू तोंड लपवून फिरला असता. म्हून बसलो शिवत. इकडून सुई घातली, तिकडून काढली. दिवसभर बसलो! तुही माय मले म्हणे, डोकसं फिरलं का तुमचं?"

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. भाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. मग पेन्सिल उचलली आणि बाबा जे बोलले ते जसंच्या तसं, एकही शब्द न सुधारता, वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून काढलं. बाबा तोवर झोपले होते.

पुस्तक पास झालं. एकमतानं. पण टायपिंग, चित्रं, छपाई होता होता पावसाळा आला, आणि त्या पावसाळ्यात बाबा गेले. पुस्तक त्यानंतरही रखडलं; निघालं तेव्हा मी बारावी होऊन नागपूरला कॉलेजात होते. एका दुपारी होस्टेलच्या पाहुण्यांच्या खोलीत भाऊ बसलेले दिसले, मांडीवर सुतळीचा गठ्ठा. प्रकाशकाकडून थेट माझ्याकडे आले होते. त्यांनी गठ्ठ्यातून एक प्रत काढून मला दिली. साठ पानांचं पातळ पुस्तक, मुखपृष्ठावर पाण्यात लाल ठिपक्यांचा घोळका.

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. बाईंनी पाठवलेल्या चकल्या त्यांनी दिल्या. कॉलनीतल्या पोरांचं सांगितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी तुह्यावर जरा जास्तच ओरडलो मी."

मी म्हटलं, "भाऊ, एक विचारू? मी जर पहिल्याच खेपेले पास लिवलं असतं, तं बाबाच्या हाती पुस्तक आलं असतं ना?" चार वर्षं हा प्रश्न मी आत घेऊन फिरत होते, आणि विचारल्याबरोबर वाटलं, विचारायला नको होता.

भाऊ कुणाचं मन राखायला काही बोलणारे नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला, जसा ते काट्याकडे बघून करत असतील.

"आलं असतं," ते म्हणाले. "गावभर फिरले असते घेऊन. पण त्या पुस्तकात बाबा नसते."

एवढं बोलून ते उठले, गठ्ठा काखेत मारला आणि चंद्रपूरची गाडी गाठायला निघाले. मी फाटकापर्यंत गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि मी रडत होते म्हणून ते बरंच झालं.